माळवद गळतंय? माती टाकण्याआधी माती उतरवा

मृग तोंडावर आला की मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत एक काम अजूनही ठरलेलं असतं. पूर्वी बैलगाडीतून यायची, आता ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून पांढरी माती येते. ती घमेल्यांनी शिडीवरून माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, चढते आणि चोपण्यानं चोपून बसवली जाते. गेल्या पावसात जिथं गळलं, तिथं दोन घमेली जास्त. आमच्या घरी आजोबांनी हे केलं, वडिलांनी केलं, मीही दहा-बारा वर्षं केलं. मग एका वर्षी मधल्या खणातली तुळई (छताचा भार पेलणारं मुख्य आडवं लाकूड) भिंतीत शिरते तिथं सहज बोट दाबलं आणि ते पेरभर आत गेलं.

सुतारमामा आले, वर चढले, त्यांनी पहारीनं एक खड्डा घेतला. दीड फूट माती निघाली. खाली उतरून एवढंच म्हणाले, "मालक, माती टाकू टाकू तुम्हीच घर बसवायलाव."

तेव्हापासून आम्ही ते घर खण खण करून, म्हणजे छताचा एकेक भाग घेऊन, दुरुस्त करत आणलं. त्यातून जे कळलं ते इथे क्रमानं लिहितो. घर विटेचं असो, भेंड्याचं (कच्च्या मातीच्या ठोकळ्यांचं) असो की दगडाचं, लाकूड आणि ओल यांचं नातं सगळीकडे एकच आहे.

मातीचा भार आधी समजून घ्या

कोरडी माती साधारण घनमीटरला १६०० किलो भरते. १० बाय १० फुटांच्या एका खोलीवर एक फूट माती म्हणजे साडेचार टन. दीड फूट असेल तर पावणेसात टनांच्या आसपास. पावसात ती पाणी पिते आणि आणखी जड होते. हे सगळं कुजत चाललेल्या तुळईवर आणि मातीत रचलेल्या दगडांच्या भिंतीवर बसलेलं असतं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यांतली हजारो माणसं गेली, ती बहुतांश स्वतःच्याच घराखाली. मातीत रचलेल्या दगडी भिंती फुटल्या आणि वरचं जड माळवद झोपेतल्या माणसांवर आलं. आमच्या भागात माळवद हलकं करण्याचं काम गळती थांबवण्याइतकंच महत्त्वाचं आहे, ते यासाठी.

आणि दरवर्षी माती टाकून गळती बरी होत नाही, फक्त लपते. पाणी मातीच्या थरात एका ठिकाणी शिरतं, आडवं सरकतं आणि खोलीत चार हात लांब टपकतं. थेंब पडतो तिथं वर आपण माती टाकतो. खरी वाट दुसरीकडेच उघडी राहते, आणि मधलं लाकूड महिनोन्‌महिने ओलं.

ओल शोधायची कशी

हे काम पावसाळ्यातच करून ठेवा, उन्हाळ्यात भिंत बोलत नाही. डाग दिसला की त्याच्या कडेनं कोळशानं रेघ ओढा, शेजारी तारीख लिहा. डाग कुठल्या बाजूनं वाढतो ते दोन पावसांत कळतं.

भिंतीला वरून ओल असेल तर डाग ओघळासारखा खाली उतरतो. जमिनीतून चढणारी ओल दोन-अडीच फुटांपर्यंत सलग पट्टा करते, रंगाचे पोपडे निघतात, पांढरा लोणा (क्षार) फुलतो. शंका असेल तर भिंतीवर हातभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावा आणि दुसऱ्या दिवशी पाहा. आतल्या बाजूला दव असेल तर ओल भिंतीतली आहे. बाहेरच्या बाजूला असेल तर कोंडलेल्या हवेतली. मग खिडकी आणि सवणं (छतातला झरोका) उघडं ठेवणं हाच पहिला उपाय.

लाकडासाठी एक आरी (टोकदार टोच्या) आणि लहान हातोडी पुरते. चांगलं लाकूड ठोकल्यावर खणखणतं, पोकळ झालेलं भद्द आवाज करतं. आरी टोचा. पाव इंचही जात नसेल तर चिंता नाही. मऊ पावासारखी आत गेली आणि लाकूड लांब धाग्यांऐवजी चौकोनी ढलप्यांत तुटलं, तर ती कूज. आरपार मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी. खाली पिठासारखा भुसा आणि वर टाचणीएवढी भोकं असतील तर भुंगा. हे तिन्ही वेगळे आजार आहेत. कुजीला पाणी लागतं. लाकडातला ओलावा साधारण वीस टक्क्यांच्या खाली राहिला तर ती वाढत नाही, म्हणजे पाणी तोडलं की ती थांबते. वाळवी जमिनीतून येते, तिला वाट तोडावी लागते. भुंगा मात्र कोरड्या लाकडातही राहतो.

चार जागा कधीही सोडू नका: तुळईचं भिंतीत गेलेलं टोक, पन्हळीखालची कडी (तुळयांवरचं बारीक आडवं लाकूड), सवण्याची कड आणि खांबाचा पाय. आमच्या घरी जे जे कुजलं ते या चारांतच होतं.

कधी सुरू करायचं

पाडव्यानंतर माती उतरवा, वैशाखभर लाकूड वाळू द्या, रोहिणी संपायच्या आत माळवद झाका. एका उन्हाळ्यात सगळं घर काढू नका. दोन खण काढा, पूर्ण करा, पुढचे पुढच्या वर्षी. मार्च-एप्रिलात अवकाळी आणि गारपीट आपल्याकडे नवी नाही, म्हणून उघड्या खणांवर टाकता येईल एवढी ताडपत्री पहिल्या दिवशीच घरात हवी.

आधी धिरे, मग फावडं

सगळ्यांत मोठी चूक इथे होते. गडी वर चढतात, माती ओढायला लागतात, आणि कुजलेली तुळई त्याच वेळी बसते. त्यामुळे आधी खालून धिरे, म्हणजे टेकूचे खांब, लावा. प्रत्येक तुळईखाली भिंतीपासून दीड-दोन फुटांवर एक आणि मध्ये एक. धिऱ्याखाली जाड फळी टाका, नाहीतर तो शेणामातीच्या जमिनीत रुततो. वर पाचर मारा, पण तुळई उचलायचा प्रयत्न करू नका. चाळीस-पन्नास वर्षं वाकलेली तुळई एका दिवसात सरळ करायला गेलात तर भिंतीला तडा जातो. भार धरला की पुरे.

त्या खोलीची वीज बंद करा. माती उतरवताना खाली कुणी नको, लेकरं तर अजिबात नको. वर चालायला कड्यांवर आडव्या फळ्या टाका. माती सगळीकडून सारखी, थराथरानं काढा, एका बाजूला ढीग करू नका. तोंडाला रुमाल आणि हातात जाड मोजे हवेत. जुन्या माळवदात विंचू हमखास निघतात.

आणि उतरवलेली माती भिंतीला लावून टाकू नका. आम्ही पहिल्या वर्षी टाकली होती आणि त्या पावसाळ्यात वरची गळती गेली पण खालून ओल चढली. चाळून लागेल तेवढी बाजूला ठेवा, उरलेली शेतात न्या. जुन्या पांढरीची (गावठाणाची) माती रानात टाकायची रीत आहेच.

लाकूड: काय ठेवायचं, काय काढायचं

माती निघाली की कडीपाट (कड्यांवरच्या फळ्या) किंवा किलच्या (कड्यांवर अंथरलेल्या बारीक काठ्या) उघड्या पडतात. किलच्यांचा मोह धरू नका. ओल लागलेल्या सगळ्या काढा, त्या स्वस्त आहेत. जीव लावायचा तो तुळया आणि खांबांना. जुन्या सागाचा गाभा आता बाजारात सहज मिळत नाही. बाहेरचा फिकट थर किडीनं खाल्लेला असतो आणि आत तपकिरी गाभा ठणठणीत निघतो. वाकसानं मऊ भाग तासून टाका आणि मगच ठरवा. जाडीचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग गेला असेल तर ती तुळई बदलायची, किंवा स्थापत्य अभियंत्याला दाखवून मग निर्णय घ्यायचा. अंदाजानं नको.

खांबाचा पाय. जुन्या लोकांनी प्रत्येक खांब दगडी उथळ्यावर (बैठकीच्या दगडावर) उभा केला, लाकूड जमिनीला लागू नये म्हणून. आपण काय केलं? घरात शहाबादी फरशी घालताना जमीन चार-सहा इंच उचलली, उथळं गाडलं आणि खांबाचा पाय सिमेंटमध्ये बसवला. लादी धुतली की पाणी तिथंच मुरतं. मराठवाड्यातल्या वाड्यांचे खांब खालून कुजलेले दिसले की मला आधी फरशी कधी घातली ते विचारावंसं वाटतं. उपाय असा: खांबाला दोन्हीकडून धिरे द्या, त्याभोवतीची फरशी वीतभर फोडून उथळं मोकळं करा, कुजलेला भाग कापा. दिसणाऱ्या कुजीच्या वर आणखी एक फूट कापा, कारण बुरशी डोळ्यांना दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. कापलेल्या जागी त्याच जातीच्या सुकलेल्या लाकडाचा तुकडा तिरपा सांधा करून, दोन बोल्ट आणि रुंद वायसर लावून जोडा. किंवा त्या उंचीचा घडीव दगडच खाली बसवा. मला दगड जास्त आवडतो, तो पुन्हा कुजत नाही. खांब दगडावरून सरकू नये म्हणून मधे लोखंडी गुज (खुंटी) मात्र घाला.

तुळईचं टोक. भिंतीतला खोबणा उघडा. टोकाचा फूटभर भाग गेला असेल आणि पुढचं लाकूड घट्ट असेल, तर दोन्ही बाजूंनी लोखंडी चॅनेल लावून, आरपार बोल्ट मारून, चॅनेलचं टोक भिंतीवर टेकवता येतं. चॅनेल चांगल्या लाकडावर निदान तीन फूट आत गेलं पाहिजे. त्याला गंजरोधक रंगाचे दोन हात द्या. खाली सपाट दगड बसवा, लाकूड आणि दगडात डांबरी कागदाचा तुकडा. आणि टोकाभोवती सिमेंट ठासून भरू नका, बोटभर मोकळी जागा ठेवा. लाकडाला तिथं श्वास हवा असतो.

सगळं उघडं आहे तोवर खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात तिरप्या लाकडी पट्ट्या मारून घ्या. भूकंपात चौकट कलंडू नये म्हणून हा सगळ्यांत स्वस्त आधार आहे.

टाकणखाराचं पाणी

वाळलेल्या लाकडाला १० लिटर कोमट पाण्यात ३०० ग्रॅम टाकणखार आणि २०० ग्रॅम बोरिक पावडर विरघळवून ब्रशनं दोन-तीन हात द्या. चिरा, टोकं आणि बोल्टची भोकं यांत जास्त ओता. ओल्या लाकडात हे द्रावण मुरत नाही, म्हणून वैशाखाचं ऊन आधी खाऊ द्यायचं. पाण्यानं ते धुऊनही जातं, तेव्हा पाऊस लागणाऱ्या लाकडाला त्याचा उपयोग नाही. हातमोजे घाला, आणि भांडं पुन्हा स्वयंपाकात वापरू नका. जळक्या इंजिन ऑइलचा हात द्यायची सवय खेड्यात आहे. मी ती घरात करत नाही. वास वर्षभर राहतो आणि आगीला निमंत्रण.

भिंतीचा पाय

गावात सिमेंटचा रस्ता दर काही वर्षांनी वर चढतो आणि जुनं घर खड्ड्यात जातं. मग ओसरीतून पाणी आत. भिंतीपासून दोन-तीन फूट जागा खोदून उतार बाहेरच्या बाजूला द्या, जमलं तर मुरमाची चर काढा. आतून मातीच्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर केलेलं असेल तर खालचे तीन फूट खरवडून काढा. सिमेंट ओल अडवत नाही, फक्त ती आतल्या आत वर ढकलतं. त्याऐवजी चुना आणि वाळूचा गिलावा करा. लोणा पुन्हा फुलेल, तो कोरडाच झाडून टाका, पाण्यानं धुऊ नका.

पुन्हा माळवद

काळी माती वर नको. वाळली की भेगाळते, आणि त्या भेगांतूनच पाणी जातं. पांढरी, खारी माती घ्या. ती ओली झाली की तिचे बारीक कण सुटून फटी बुजवतात. खात्री करायला तिची इंचभर जाडीची भाकरी थापून उन्हात वाळवा. तडे गेले तर भुसा वाढवा. गव्हाचा भुसा घालून चिखल आठवडाभर मुरू द्या.

किलच्यांवर निंबाचा पाला, त्यावर तीन इंच चिखल. तो पूर्ण वाळेपर्यंत थांबा. घाई केली तर खालची ओल प्लास्टिकखाली कोंडते आणि नव्या लाकडाला कूज लागते. मग जाड प्लास्टिकची अखंड ताडपत्री, कठड्यावर सहा इंच वळवून. वर तीन इंच माती चोपून. मातीची एकूण जाडी सहा इंच, फार तर आठ. उतार पन्हळीकडे, दहा फुटांना तीन इंच. कठड्याच्या कोपऱ्यात चुन्याचा गोला (गोलाईचा भराव) मारा. पन्हळ चार इंची पाइपची चालेल, पण भिंतीपासून दीड फूट बाहेर हवी.

माती काढून नुसता पत्रा टाकावा का, असं बरेच जण विचारतात. परवडत नसेल आणि घर धोक्यात असेल तर जरूर टाका. पण बेचाळीस अंशांच्या मे महिन्यात त्या खोलीत म्हातारं माणूस दुपारी झोपू शकत नाही, हे मी शेजारी पाहिलंय.

पहिला जोरदार पाऊस झाला की बॅटरी घेऊन प्रत्येक तुळईचं टोक पाहा, पन्हळीतून पाणी लांब पडतंय का ते पाहा. डाग दिसला तर कोळशानं रेघ ओढून तारीख लिहा आणि वर जाऊन ताडपत्रीची घडी तपासा. घमेलं खालीच राहू द्या.