ट्रक भरण्याआधी: आतल्या टायरकडे बघा

डिझेल, दिवे, कागदपत्रं सगळेच बघतात, त्यावर शब्द घालवत नाही. हवा तपासायची ती टायर गार असताना. गाडी चालून आली असेल तर निदान 3 तास उभी राहू द्या. गरम टायरवर गेज (हवेचा दाब मोजायचं यंत्र) 10-15 पीएसआय जास्त दाखवतं आणि कुणीतरी शहाणा ती हवा सोडून देतो. सोडू नका, गार झाल्यावर तोच टायर कमी हवेवर पळतो.

आता मागची जोडचाकं. आतला टायर तपासा. बाहेरचा नव्हे, आतला! मागच्या खेपेला माझा तोच राहिला. आतला हवा जाऊन बसला तरी बाहेरचा गाडी तोलून धरतो, त्यामुळे लांबून काही कळत नाही, आणि दोघांचं ओझं ओढून बाहेरचाही तापतो. पान्याने ठोकून आवाज ऐकणं म्हणजे तपासणी नव्हे, 100 आणि 80 पीएसआयचे टायर सारखेच वाजतात. हात घाला, व्हॉल्व्हची टोपी काढा, गेज लावा. हात पोचत नसेल तर व्हॉल्व्हला एक्स्टेंशन (लांब नळी) बसवून घ्या, पण आतला सोडू नका. जोडीत दगड अडकलाय का तेही तेव्हाच दिसेल.

100 हवेत तिथे 80 किंवा त्याहून कमी निघाली, तर नुसती हवा मारून निघायचं नाही. तसा पळालेला टायर आतून तुटलेला असू शकतो आणि हवा भरताना साइडवॉल फाटते. उतरवून आतून बघायचा, मग टायर फुटला तर अडवणाऱ्या लोखंडी पिंजऱ्यात ठेवून भरायचा. समोर उभं राहायचं नाही, जीव जातो.

साइडवॉलवर भाराचे दोन आकडे असतात, एकेरीचा आणि जोडीचा. जोडीचा कमी असतो, मागे तोच धरा. ‘माल चढला की हवा आपोआप वाढेल’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, भाराने गेजचा काटा जेमतेम हलतो. किती भरायची ते टायर कंपनीच्या तक्त्यात एक्सलवरच्या वजनाप्रमाणे बघा.

माल जड तो खाली, डावं-उजवं सारखं. फार मागे गेला की पुढची चाकं हलकी होतात, स्टेअरिंग ऐकत नाही. वजनकाट्यावर एकेका एक्सलचं वजन घ्या. एकूण बरोबर असूनही एक एक्सल जास्त निघतो.

दोर, ताडपत्री. चाक बदललं असेल तर 50-100 किलोमीटरवर नट पुन्हा आवळा. स्टेपनीत हवा. आणि आतला बघितलात ना? दुसऱ्या बाजूचाही?