पोटगी कमी करायचा अर्ज टाकायच्या आधी घरी बसून करायची तयारी

सगळ्यात आधी पोटगीचा मूळ आदेश हातात घ्या. व्हॉट्सअपवर आलेला अर्धवट फोटो चालणार नाही, कोर्टाच्या शिक्क्याची नक्कल पाहिजे, नसेल तर नक्कल अर्ज टाका आणि काढून आणा. मग तिची झेरॉक्स करून त्या झेरॉक्सवर तीन ठिकाणी पेनानं खुणा करा: आदेशाची तारीख, तो कुठल्या कायद्याखाली झाला ते, आणि कोर्टानं तुमचं उत्पन्न किती धरलं आणि कशावरून धरलं तो परिच्छेद. मी इथं मराठवाड्यात दोन्ही बाजूंच्या पोटगीच्या केसेस चालवते, आणि बघते की बहुतेक जण शेवटचा आकडा तेवढा वाचतात, बायकोला पाच हजार, लेकराला तीन हजार, बास, वरची पानं कुणी उघडतच नाही. पण तुमचा सगळा अर्ज त्या वरच्या पानांवर उभा राहणारे. कोर्टाचा प्रश्न एकच असतो, या तारखेनंतर काय बदललं? त्या दिवशीही तुमच्याकडं तीन एकर कोरडवाहू होती आणि आजही तेवढीच आहे तर बदल काहीच नाही, मग कितीही हलाखी सांगा.

आदेशच मुळात चुकीचा वाटत असेल, म्हणजे उत्पन्न जास्त धरलं, तुमचं ऐकलंच नाही, तर तो वेगळा रस्ता आहे, अपील किंवा रिव्हिजन (वरच्या कोर्टाकडून आदेश तपासून घेणं), आणि त्याला मुदत असते. मॅजिस्ट्रेटनं तुम्ही हजर नसताना एकतर्फी पोटगी लावली असेल तर तो आदेश रद्द करून घ्यायला तीन महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. हे दोन रस्ते एकात मिसळून एकच लांबलचक अर्ज लिहू नका, तो पुढं टिकत नाही.

आता कायदा कुठला ते. जुन्या सीआरपीसीतलं, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेतलं, कलम १२५ म्हणजे पोटगी आणि १२७ म्हणजे पोटगीत बदल, १ जुलै २०२४ पासून हीच कलमं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ आणि १४६ झालीत. घटस्फोटाच्या निकालात कायमची दरमहा पोटगी लागली असेल तर हिंदू विवाह कायदा कलम २५, त्याच्याच पोटकलम २ मधे बदलाची सोय आहे. घरगुती हिंसाचाराच्या केसमधला आदेश असेल तर त्या कायद्याचं कलम २५(२). नंबर पाठ करायची गरज नाही, पण ज्या केसमधे आदेश झाला त्याच केसमधे, त्याच कोर्टात बदल मागायचा असतो, हे सुप्रीम कोर्टानं ४ नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालात स्पष्ट केलंय. म्हणजे बायको माहेरी उदगीरला होती, आदेश उदगीरच्या कोर्टानं दिला, तुम्ही आता संभाजीनगरजवळ वाळूजच्या एमआयडीसीत राहता, तर तारखेला उदगीरलाच जायचं. आणि दोन वेगवेगळ्या केसमधे दोन आदेश झाले असतील तर दोन्ही अर्जात लिहायचेच, एकातली रक्कम दुसऱ्यात धरावी अशी मागणी करता येते पण लपवलं तर उरलेलं खरंही कुणी ऐकत नाही.

यानंतर कागद. आपल्याकडं निम्म्या केसेस शेतीवाल्यांच्या असतात म्हणून तिथंच जरा थांबते. त्याच निकालात सुप्रीम कोर्टानं दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र द्यायचा नमुना घालून दिलाय, आणि शेतकऱ्यांसाठी त्याचा नमुना वेगळा आहे, हे बऱ्याच पक्षकारांना माहीतच नसतं आणि मग नोकरदारांच्या फॉर्मवर पगाराच्या रकान्यात शून्य लिहून मोकळे होतात. शेतीच्या नमुन्यात जमीन किती, कुठं, बागायत का कोरडवाहू, कुठली पिकं, मागच्या तीन वर्षांचं उत्पन्न, बटईनं केलेली जमीन, गाई म्हशी शेळ्या कोंबड्या, जमिनीवरचं कर्ज, सगळं विचारलेलं आहे. तेव्हा सातबारा आणि आठ-अ (खात्याचा उतारा) ताजे काढा, ई-पीक पाहणीची नोंद बघा, फेरफार झाला असेल तर तोही. मोंढ्यात माल घातला त्याच्या आडतीच्या पट्ट्या, सोयाबीन असो की तूर की कापूस, तीन वर्षांच्या, आणि हरवल्या असतील तर आडत दुकानदाराकडून दुबार घ्या, आजकाल बहुतेकांकडं कॉम्प्युटरवर असतात. ऊस असेल तर कारखान्याची बिलं. पीक कर्जाचा बँकेचा उतारा. पीक विमा आला असेल तर तो, अतिवृष्टीचं अनुदान आलं असेल तर तेही, कारण ते तुमच्या खात्यात दिसणारच आहे.

एक हंगाम गेला म्हणून पोटगी कायमची कमी होईल अशी आशा धरू नका, समोरचा वकील पहिलं वाक्य हेच बोलणार की शेतीत एखादं साल जातंच. त्याला उत्तर पाहिजे. सलग दोन तीन सालं गेली असतील तर प्रत्येक सालाच्या पट्ट्या आणि गावाची पैसेवारी (पीक किती आलं याचा सरकारी अंदाज) जोडा, पैसेवारी कलेक्टर ऑफिस जाहीर करतं आणि ५० पैशांच्या खाली असली तर तो सरकारी कागद तुमच्या बाजूनं बोलतो. आणि सप्टेंबर २०२५ च्या पुरात ज्यांची जमीन खरडून गेली, माती वाहून खाली मुरूम उघडा पडला, त्यांची गोष्ट पूर्ण वेगळी आहे, तो एका सालाचा तोटा नाही, तिथं पुन्हा गाळ भरल्याशिवाय पीकच येत नाही. अशांनी पंचनाम्यात खरडलेल्या जमिनीची वेगळी नोंद आहे का ते तलाठ्याकडं बघून घ्यावं, त्याची नक्कल घ्यावी, तारीख दिसेल असे फोटो काढावेत. ही नोंद मला विम्याच्या कागदापेक्षा जास्त मोलाची वाटते. एवढं सगळं नाही जमलं आणि खरंच एकाच सालाची अडचण असेल तर प्रामाणिकपणे तेवढ्याच काळापुरती सवलत किंवा थकबाकीला हप्ते मागा, ते कोर्टाला पटायला सोपं जातं.

ऊसतोडीला जाणाऱ्यांचं अवघड आहे, कारण उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, मुकादमाच्या डायरीत असते आणि फेडही तिथंच. तरी डायरीच्या पानाचा फोटो, कारखान्याची पावती काही असेल ती, मुकादमाचं शपथपत्र आणि तो साक्षीला येईल का हे आधी विचारून ठेवा. कमरेला लागलं, आता कोयता धरवत नाही असं म्हणणं असेल तर सिव्हिल हॉस्पिटलचा कागद पाहिजेच. कारण धडधाकट माणसानं मजुरी करून का होईना बायको लेकरांना पोसलं पाहिजे असं सुप्रीम कोर्ट पुन्हा पुन्हा सांगत आलंय, २०२२ च्या अंजू गर्ग निकालातही तेच आहे. "काम नाही" एवढं म्हणून भागत नाही.

नोकरी गेलेल्यांनी कंपनीचं पत्र, आधीच्या आणि आत्ताच्या पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६ असेल तर तो, आणि पीएफचं पासबुक काढावं. वाळूजच्या कंपन्यांत ठेकेदाराकडं असणाऱ्यांना पत्र कुणी देत नाही, तिथं पीएफ पासबुकच कामाला येतं, कुठल्या महिन्यापासून भरणा बंद झाला ते त्यात सरळ दिसतं. राजीनामा स्वतः दिला असेल तर का दिला ते लिहा आणि नंतर कुठं कुठं अर्ज केले त्याचे मेसेज, मेल ठेवा, नाहीतर पोटगी चुकवायला नोकरी सोडली असा अर्थ निघतो. पगारातून पीएफ, इन्कम टॅक्स असली सक्तीची कपात सहसा धरली जाते, पण आदेशानंतर हौसेनं काढलेल्या गाडीच्या हप्त्यावर कोर्ट विरघळत नाही. आजारपणात डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं, अपंगत्व आलं असेल तर यूडीआयडी, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, आणि इलाज जनआरोग्य योजनेत फुकट झाला असेल तर तसं सांगून फक्त खिशातून गेलेला खर्च दाखवा. रिटायर झालेल्यांना पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि पेन्शनचं पासबुक पुरतं.

दुसरं लग्न हे कारण चालतं का, हा प्रश्न कायम येतो. २०१७ च्या कल्याण डे चौधरी केसमधे सुप्रीम कोर्टानं नवऱ्याच्या हातात येणाऱ्या पगाराच्या २५ टक्के रक्कम वाजवी धरली आणि त्याचं दुसरं लग्न आणि त्यातलं मूल बघून हायकोर्टानं वाढवलेले २३ हजार २० हजारांवर आणले. पण तिथं घटस्फोट झालेला होता. घटस्फोटाआधी दुसरं लग्न केलं असेल तर ते कारण म्हणून सांगायला गेलात की स्वतःवर गुन्ह्याचा पुरावा देऊन बसाल. आणि २५ टक्के हा काही कायम ठरलेला दर नाही, प्रत्येक केसचं वेगळं बघतात.

बायकोची परिस्थिती बदलली असेल, म्हणजे तिला नोकरी लागली, तर तुमची ऐकीव माहिती उपयोगाची नाही. कुठं, कधीपासून, अंदाजे पगार किती एवढं लिहा आणि कोर्टाला तिच्या ऑफिसकडून पगारपत्रक मागवायची विनंती करा, तिलाही शपथपत्र द्यावंच लागतं. तिचा मोबाईल उघडणं, मेल बघणं, माणूस मागं लावणं असलं काही करू नका, ते माणुसकीला धरून नाही आणि केस उलटी फिरते. शिवाय कमावते म्हणजे पोटगी आपोआप बंद असंही नाही, तिचं भागतं का हे बघितलं जातं. तिनं पुन्हा लग्न केलं असेल तर तिची रक्कम बंद करून घेता येते, लेकरांची नाही.

इथं मला मनापासून सांगायचंय. अर्ज लिहिताना बायकोची रक्कम आणि लेकराची रक्कम वेगळी मांडा आणि शक्य असेल तोवर लेकराच्या रकमेला हात लावू नका. आदेशाच्या वेळी पोरगी बालवाडीत होती, आता सातवीत आहे, तिचा खर्च वाढलाय, फी, वह्या, एसटीचा पास, आणि कोर्टाला हे दिसतं. तुमचं बायकोशी काय झालं त्याचा हिशोब तिच्या डब्यातून काढू नका. मुलगा १८ चा झाला असेल तर कलम १४४ खालचा त्याचा हक्क साधारणपणे संपतो, पण तो अपंग असेल, स्वतःचं भागवू शकत नसेल तर नाही. लग्न न झालेल्या हिंदू मुलीला १८ नंतरही १९५६ च्या दत्तक व पोटगी कायद्याच्या कलम २० खाली बापाकडून मागता येतं, तिचं स्वतःचं भागत नसेल तर. तेव्हा वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी स्वतःच्या मनानं ट्रान्सफर कमी करू नका, आदेशात बदल करून घ्या.

शपथपत्रात खरं लिहा, सगळं लिहा. भावाच्या नावावर केलेली जमीन, आईच्या खात्यातून चालणारा व्यवहार, फोनपेवर येणारे पैसे, भाड्यानं दिलेला ट्रॅक्टर, उलटतपासणीत हे सगळं निघतं, आणि समोरचीला तुमच्या घरातलं तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं, ती तिथं नांदलेली आहे. आदेशानंतर बक्षीसपत्र करून जमीन फिरवली असेल तर कोर्ट ते उत्पन्न तुमचंच धरू शकतं, आणि खोट्या शपथपत्रावर वेगळी कारवाई होते. बँकेचे उतारे आदेशाच्या आधीच्या वर्षापासून आजपर्यंतचे घ्या, म्हणजे आधी आणि नंतर शेजारी शेजारी ठेवून दिसेल. मोबाईलवरचे स्क्रीनशॉट देणार असाल तर त्यासोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र लागतं, वकिलाला आठवण करा. मग एका कागदावर साधा हिशोब: तेव्हा महिन्याला किती येत होतं, आता किती येतं, कशामुळं, आणि किती देऊ शकतो. आकडा ठोस लिहा. "योग्य ती रक्कम कमी करावी" यातून कोर्टाला काहीच कळत नाही.

अर्ज टाकला म्हणजे जुना आदेश थांबला असं होत नाही. चालू महिन्याची पोटगी भरत राहा, सगळी नाही जमली तर जेवढी जमते तेवढी, पण खात्यावरच, रोख सासऱ्याच्या हातात देऊन येऊ नका. थकबाकी असेल तर तिचा तक्ता करा, महिना, देणं, दिलेलं, बाकी. थकलेल्या एकेका महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि आत जाऊन आलं म्हणून देणं फिटत नाही. मागचं माफही होत नाही: सप्टेंबर २०२४ मधे घरगुती हिंसाचार कायद्याच्या एका केसमधे सुप्रीम कोर्टानं सांगितलं की बदल आदेशानंतर घडलेला पाहिजे आणि आधी दिलेली पोटगी परत मागता येणार नाही.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा कोर्टातच विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तालुक्याला समिती असते, हेल्पलाईन १५१००. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मधे पूर आणि दुष्काळानं पोळलेल्या माणसालाही मोफत वकिलाचा हक्क दिलाय. आपल्या भागातले किती शेतकरी यात बसतात आणि किती जण सावकाराकडून पैसे काढून फी भरतात, फार वाईट वाटतं. पंचनाम्याची नक्कल घेऊन जा आणि मागा. तिथंच मध्यस्थीचीही सोय आहे. दोघांचं रकमेवर जमलं तर लोकअदालतीत लेखी करून घ्या, पाहुण्यांच्या बैठकीत ठरलेलं कोर्टाच्या आदेशाला बदलत नाही, पुढं कुणाचं बिनसलं की जुन्याच रकमेनं वसुली लागते.

तारखेला जाताना मूळ कागद, झेरॉक्सचे तीन संच, आधार कार्ड, आणि ईकोर्ट्स ॲपवर सीएनआर नंबर (प्रत्येक केसचा वेगळा ओळख क्रमांक) टाकून तारीख तीच आहे ना बघून निघा, नाहीतर गावाकडून पहाटेची एसटी धरून यायचं आणि बोर्डावर पुढची तारीख. फॅमिली कोर्ट असेल तर जज तुमच्याशी थेट बोलतील, वकील तिथं कोर्टाच्या परवानगीनं असतो, त्यामुळं तुमचा हिशोब तुम्हाला तोंडानं सांगता आला पाहिजे. आदेश झाला की नक्कल लगेच काढा आणि नवीन रक्कम कुठल्या तारखेपासून धरली ते वाचा, अर्जाच्या तारखेपासून की आदेशाच्या. मधल्या काळात जास्त गेले असतील तर ते पुढच्या हप्त्यातून परस्पर कापू नका, आदेशात तसं लिहिलेलं असेल तरच कापा, नसेल तर वकिलाकरवी त्याच कोर्टाला आधी विचारा.