पहिल्या नोकरीसाठी पुणं निवडताना

पुण्यात यायचं म्हणजे नेमकं कुठे, हे आधी ठरवा. सॉफ्टवेअरचं काम मुख्यतः हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, बाणेरकडे. वाहनं आणि सुट्या भागांचे कारखाने भोसरी, चाकण, तळेगाव, रांजणगावात. मेकॅनिकलवाल्यांनी चाकणची ऑफर लांब म्हणून सोडू नये. सुरुवातीची वर्षं शॉप फ्लोअरवर (कारखान्यात प्रत्यक्ष उत्पादन चालतं तिथे) गेलेली चांगली.

दुसऱ्या शहराच्या ऑफरशी तुलना सीटीसीवर (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण वार्षिक खर्च) करू नका. त्यात कंपनी भरते तो पीएफ (भविष्य निर्वाह निधी) आणि बऱ्याचदा ग्रॅच्युइटीही (नोकरी सोडताना मिळणारी रक्कम) धरलेली असते. ती रक्कम वगळा, मग तुमच्या पगारातून कापला जाणारा पीएफ (साधारण मूळ पगाराच्या १२ टक्के) आणि व्यवसाय कर वजा करा. हा कर इथे बहुतेकांना महिना २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. उरेल त्यातून भाडं, डबा, प्रवास वजा केल्यावर राहील तो आकडा खरा.

खोली ऑफिसचा पत्ता लेखी मिळाल्यावरच घ्या. कोथरूडला राहून हिंजवडी फेज ३ रोज गाठणं अंगावर येतं. वाकडजवळच्या कोंडीतच संध्याकाळ जाते. खराडीसाठी वनाज-रामवाडी मेट्रो बरी, पण रामवाडीपुढे बस किंवा रिक्षा लागतेच. पहिला महिना कॉट बेसिसवर (सामायिक खोलीत एका खाटेपुरतं भाडं देऊन) राहा, कामाच्या वेळेत प्रवास करून बघा, मगच फ्लॅट. लिव्ह अँड लायसन्स करार (घरभाड्याचा करार) ११ महिन्यांचा असला तरी नोंदवून घ्या आणि लॉक-इनची अट (किती महिने घर सोडता येणार नाही) वाचा. नाहीतर मध्येच बदली झाली की डिपॉझिट तिथेच अडकतं. पहिला पगार महिनाअखेरीस येतो, म्हणून दोन महिन्यांचा खर्च आणि डिपॉझिट हाताशी ठेवूनच निघा.