बुवा यायच्या आधी लॅपटॉपची तयारी

गणपतीआधी भजन मंडळाचं रेकॉर्डिंग घरीच करायचं असेल ना, तर सेटिंगचं काम आदल्या दिवशीच उरकून टाका, कारण एकदा पखवाजाला कणीक लागली आणि मंडळी मांडी घालून बसली की मग तुमच्या लॅपटॉपसाठी कोणी थांबत नाही. ऑडिओ इंटरफेसचा (माइक लॅपटॉपला जोडायचा डबा) ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारं सॉफ्टवेअर, तुम्ही कुडाळ-कणकवलीला असतानाच डाउनलोड करून घ्या, वाडीत रेंज आली तर आली. विंडोज असेल तर इंटरफेसच्या कंपनीचाच एएसआयओ (आवाजाचा उशीर कमी ठेवणारा) ड्रायव्हर टाका, मॅकवर त्याच कामाचा कोअर ऑडिओ असतोच.

ब्लूटूथ हेडफोन घरात कुणाला तरी देऊन टाका, त्यात आवाज १००-२०० मिलिसेकंद सहज मागे पडतो, झांजवाला वैतागेल. सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाची किती मोजमापं (सॅम्पल) घ्यायची तो आकडा, सगळीकडे ४८००० ठेवा, मोबाईलचा व्हिडिओ बहुतेक त्याच रेटचा असतो. ४४१०० ची फाईल चुकून ४८००० म्हणून वाजली तर लय पळते आणि पट्टी जवळजवळ दीड सेमीटोन चढते.

बफरचं, म्हणजे लॅपटॉप एका वेळी किती सॅम्पल साठवून पुढे देतो त्याचं, लोक उगाच टेन्शन घेतात. १२८ सॅम्पल म्हणजे ४८००० ला एका बाजूचा २.७ मिलिसेकंद उशीर, जाऊन-येऊन दुप्पट आणि वर थोडं. पण पेटीपासून साडेतीन मीटरवर बसलेल्या कोरसला हवेतूनच आवाज १० मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि ते मस्त गातात की, मग ३२ वर नेऊन लॅपटॉपला कशाला छळायचं? १२८ ठेवा, कडकड आली तर २५६, मिक्सिंगला १०२४ चालेल. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरिंग (माइकचा आवाज लॅपटॉपमधून न फिरता थेट हेडफोनला) असेल तर तेच वापरा, फक्त सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद करा, नाहीतर प्रत्येक आवाज डबल ऐकू येईल.

आता खरी गोम. कानाला जाणवणारा उशीर वेगळा आणि रेकॉर्ड झालेला ट्रॅक मागे सरकणं वेगळं, डायरेक्ट मॉनिटरिंगने पहिला जातो, दुसरा तसाच राहू शकतो. म्हणून इंटरफेसच्या आउटपुटमधून इनपुटला एक केबल लावा, क्लिक वाजवून तीच रेकॉर्ड करा, झूम करून दोन्हीतला फरक किती सॅम्पलचा ते मोजा आणि सॉफ्टवेअरच्या रेकॉर्डिंग ऑफसेट (ट्रॅक तेवढा पुढे-मागे सरकवायचं सेटिंग) मध्ये तो आकडा टाका. हे सगळ्यात शेवटी करायचं, नंतर बफर, रेट किंवा ड्रायव्हर बदललात तर परत मोजून बघा.

व्हिडिओ मोबाईलवर वेगळा घेत असाल तर टाळी सुरुवातीला एक आणि संपल्यावर एक. दोन मशीनची घड्याळं कधीच तंतोतंत चालत नाहीत, दहा लाखात ५० चा फरक असला तरी मिनिटाला ३ मिलिसेकंद, म्हणजे २० मिनिटांच्या बारीत ६० होतात. नुसती पहिली टाळी जुळवली की गजरापर्यंत झांज एकीकडे आणि हात एकीकडे. दुसरी टाळी असली की फाईल किती ताणायची ते कळतं.

वाय-फाय बंद, पॉवर सेटिंग हाय परफॉर्मन्सवर, बॅटरी फुल. लाईट गेली आणि इन्व्हर्टरवर चार्जरची घूं यायला लागली तर चार्जर सरळ काढा, पण काही लॅपटॉप बॅटरीवर मंदावतात, तसं झालं तर बफर २५६ करा आणि केबल लावून आकडा परत घ्या.