वर्गातला फोन पोरांच्या हातात कसा द्यायचा, माझ्या चुकांसकट

२०१६ ला लोकवर्गणीतून आमच्या शाळेला प्रोजेक्टर आला. भिंतीवर मोठ्या अक्षरात 'डिजिटल शाळा' रंगवून घेतलं, खिडक्यांना काळे पडदे लावले, आणि मी पेनड्राईव्ह घेऊन रोज दोन तास व्हिडिओ लावायला लागलो. पोरं अंधारात मांडी घालून बघायची, मी मधे मधे पॉज करून प्रश्न विचारायचो, मला वाटायचं झालं, आपण तंत्रस्नेही झालो. एकदा पावसाचं चक्र चालू असताना वाफेचा ढग झाला आणि लाइट गेली. मी म्हटलं, सांगा आता पुढे काय होईल? तिसरीतली एक पोरगी म्हणाली, "सर, लाइट येईल."

सगळे हसले, मीपण हसलो, पण घरी जाताना गाडीवर तेच डोक्यात. तिचं काय चुकलं होतं? त्या दोन तासात तिच्या हातात वाट बघण्याशिवाय होतंच काय?

तर ज्यांना वर्गात खरंच काही बदलायचंय त्यांनी नवीन ॲप शोधायच्या आधी एक काम करा. एका वहीत आठवडाभर लिहा की आज फोन, टॅब, टीव्ही जे काही असेल ते चालू किती वेळ होतं आणि त्यातला किती वेळ ते मुलांच्या हातात होतं. माझ्या पहिल्या आठवड्याचा आकडा सांगायला लाज वाटते. प्रशिक्षणात सॅमर नावाचं मॉडेल दाखवतात बघा, रुबेन प्युएंटेदुरा यांचं, चार पायऱ्यांचं, त्यात सगळ्यात खालची पायरी म्हणजे जुनंच काम नवीन यंत्रावर करणं. मी तीन वर्षं त्या पायरीवर पाय दुमडून बसलो होतो. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणणाऱ्या रणजितसिंह डिसले सरांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला तेव्हा आमच्या ग्रुपवर क्यूआर कोड चिकटवण्याची लाटच आली, मीपण दारं-खिडक्या-कुंड्या सगळ्यांवर चिकटवले, आता ते कोड स्कॅन कोण करणार आणि कशाने हे विचारायचं राहिलंच, कारण फोन माझ्या खिशात!

आता फोन कुठून आणायचे. सरकारी टॅबची वाट बघू नका. गावात, नातेवाइकांत, स्टाफमध्ये कपाटात पडलेले जुने फोन मागा. काच तडकलेली चालते, बॅटरी फुगलेली असेल तर मात्र घेऊच नका, सरळ परत द्या. सिम काढायचं, आधीच्या मालकाचं सगळं पुसून टाकायचं, एअरप्लेन मोडवर ठेवायचा. आमच्याकडे असे चार जमले, पट सव्वीस. चार भरपूर झाले. खरं सांगायचं तर प्रत्येकाला एक मिळाला असता तर काम बिघडलं असतं, कारण एका फोनभोवती पाच-सहा जण बसले की बोलणं होतं.

सुरुवात व्हॉइस रेकॉर्डरपासून करा. नेट लागत नाही, पैसे लागत नाहीत, आणि वाचनाला याच्याइतकं कामाचं मला अजून काही सापडलेलं नाही. पाठातला साठ-सत्तर शब्दांचा उतारा घ्यायचा. मूल आधी आपलं नाव आणि तारीख बोलतं, कारण फाइलला नाव टाइप करत बसलं की तास संपतो. मग वाचतं. फोन तोंडापासून एक वीत लांब. वर्गात करू नका, गोंगाटामुळे काही ऐकू येत नाही, लिंबाखाली किंवा पोषण आहाराच्या शेडमागे पाठवा (खिचडी शिजत नसेल तेव्हा). मग स्वतःचंच वाचन पुस्तक समोर धरून ऐकायचं आणि जिथं अडखळलो तिथं पेन्सिलने टिंब करायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच उतारा.

यात अवघड भाग कुठला माहितीये? गप्प बसणं. पहिल्या दिवशी मी जवळ उभा राहून चुका सांगत होतो, मग पोरं टिंब करायच्या आधी माझ्या तोंडाकडे बघायला लागली. म्हणून पहिले दोन दिवस रेकॉर्डिंग तुम्ही ऐकायचंच नाही. एक पोरगा, अंदाजाने वाचणारा, पहिलं अक्षर बघून पुढचा शब्द मनानेच ठोकणारा, त्याने स्वतःला ऐकलं आणि म्हणाला "हा मी नाय." आपलाच आवाज बाहेरून वेगळा वाटतो, कारण बोलताना आपण तो हाडांमधूनपण ऐकत असतो, हे त्याला नंतर सांगितलं. पण त्याने पुस्तक मांडीवर घेतलं, तेच तीनदा लावलं आणि 'सकाळी'ला आपण 'सगळी' म्हणालोय हे त्याचं त्यानेच पकडलं. मी वर्षभर हेच लाल पेनने करत होतो.

दोन-तीन आठवड्यांत रेकॉर्डर हाताला बसला की मुलाखती करा. आम्ही चौथीला १९७२ चा दुष्काळ दिला, कारण आमच्याकडे तो पाहिलेली माणसं अजून आहेत. इथं माझी मोठी चूक झाली, पोरांनी काढलेले प्रश्न मी 'नीट' करून दिले. दुष्काळाची कारणे सांगा, उपाययोजना सांगा, असले. म्हातारी माणसं घाबरली, त्यांना वाटलं आपली परीक्षाच आहे. दुसऱ्या गटाला म्हटलं तुमचेच प्रश्न घेऊन जा. त्यातला एक होता, "आज्जी, रात्री भूक लागली की मग काय करायचे?" त्यावर आजी वीस मिनिटं बोलल्या. खडी फोडायची कामं, तिथं खायला मिळणारी सुकडी (सुकं पौष्टिक खाणं), रेशनची लाल मिलो ज्वारी आणि तिची भाकरी थापताना कशी तुटायची ते. पोरांना सुकडी म्हणजे काय ते माहीतच नाही, मग आजींना मधेच थांबवून विचारलं, ते थांबवणंपण रेकॉर्ड झालंय.

मग ते ऐकून लिहून काढायचं. इथं जीबोर्डचं, म्हणजे गूगलच्या कीबोर्डचं, मराठी व्हॉइस टायपिंग वापरा, आणि ते चुकतं म्हणून सोडू नका, चुकतं म्हणूनच वापरा. आजींची बोली त्याला झेपत नाही, कायच्या काय लिहितं. पोरं ऐकतात, स्क्रीनवर बघतात, भांडतात, दुरुस्त करतात. शुद्धलेखनाचा इतका तावातावाने झालेला तास मी आधी कधी घेतला नव्हता.

हे करताना एक गोष्ट बघाच. फोन आपोआप पोरींकडून पोरग्यांकडे सरकतो. कोणी हिसकावत नाही, नुसता सरकतो. म्हणून कामं ठरवून द्या, एक फोन धरणारा, एक विचारणारा, एक वेळ बघणारा, बाकीचे टिपणारे, आणि दर वेळी कामं फिरवायची. फळ्याच्या कोपऱ्यात तक्ता ठेवा, नाहीतर आपणच विसरतो.

गणितासाठी फेट (PhET), म्हणजे स्क्रीनवर स्वतः हलवून बघायच्या प्रयोगांची वेबसाइट. कोलोराडो विद्यापीठाचं आहे, फुकट आहे, त्यातले बरेच प्रयोग, म्हणजे सिम्युलेशन्स, मराठीत आहेत, आणि ती एकेका फाइलमध्ये डाउनलोड होतात म्हणजे एकदा जुन्या फोनमध्ये टाकली की नेटशिवाय ब्राउझरमध्ये उघडतात. अपूर्णांकाचं घ्या. आधी काही समजावू नका, दहा मिनिटं नुसतं खेळू द्या, मग विचारा काय काय करता आलं. त्यानंतर एकच प्रश्न टाका, अर्धा किती प्रकारे दाखवता येतो? फोन खाली ठेवून वहीत चित्रं काढायला लावा, नाहीतर बोटं हलतात आणि डोकं नाही.

चाचणीबद्दल थोडक्यात. गूगल फॉर्म सगळे बनवतात, मार्क मोजतात, स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकतात, संपलं. मार्कांपेक्षा चुकलेलं उत्तर बघा. ५०४ वजा २७८ दिलं तर पर्यायात २२६ सोबत ३७४ ठेवा. ३७४ निवडणाऱ्याने वर-खाली न बघता प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केलंय, त्याला हातचा घेणं कळलेलं नाही. तेवढ्याच पोरांना दुसऱ्या दिवशी दशकाच्या काड्यांचे गठ्ठे घेऊन बसवायचं, बाकीच्यांना तेच परत ऐकवायची गरज नाही. मुलांकडे फोन नसेल तर प्लिकर्सची कार्डं छापा, पोरं कार्ड फिरवून धरतात आणि तुमचा एकच फोन सगळी उत्तरं स्कॅन करतो.

पालक कुरकुरणारच. "घरी मोबाईल, शाळेत पण मोबाईलच" हे मला भर पालकसभेत ऐकावं लागलं आणि बोलणाऱ्या ताईंचं काही चुकलेलं नव्हतं. मी भाषण न देता त्यांच्याच मुलीची दोन रेकॉर्डिंग्ज लावली, एक जुलैचं, एक सप्टेंबरचं. पण आधी मुलीला विचारलं होतं, लावू का. ते विसरू नका. आणि पोरांचे आवाज, फोटो स्टेटसला टाकायची हौस आवरा, पालकांना विचारल्याशिवाय तर नाहीच.

वेळ कुठून काढायचा हा प्रश्न येणार. वरून रोज एक लिंक येते, आज भरा, आत्ता भरा, आणि आम्ही दोनच शिक्षक. माझ्याकडे यावर उपाय नाही. मी फक्त मंगळवार-शुक्रवारचा मधल्या सुट्टीनंतरचा तास पक्का केलाय, त्या तासात माझा स्वतःचा फोन कपाटात. सुरुवातीला फार जीव तुटायचा.

सध्या पाचवीचा एक गट विहिरींची मोजणी करतोय, कोणत्या महिन्यात पाणी किती खाली जातं ते. कल्पना त्यांची, दोरीला गाठी मारायची पद्धतपण त्यांचीच, मी फक्त एवढंच म्हटलं की मोठं माणूस सोबत असल्याशिवाय काठावर जायचं नाही. फोटोत गाठी नीट मोजता येत नाहीत म्हणून काल त्यांनी गाठींना रंगीत चिंध्या बांधल्या. "तुमची जुनी ओढणी द्या" म्हणून ते माझ्या बायकोकडे गेले होते, मला रात्री जेवताना कळलं.