बायोटेक्नॉलॉजीच्या जर्नलला पेपर पाठवताना: कोणतं काम कधी उरकायचं

पेपर लिहून झाला, आता फक्त अपलोड करायचा, असं वाटतं तेव्हा बरंच काम शिल्लक असतं. बायोटेक्नॉलॉजीत तर जास्तच. इथे पेपरसोबत सीक्वेन्स, प्लाझ्मिड, स्ट्रेन, परवानग्यांचे क्रमांक असा मोठा लवाजमा लागतो आणि त्यातली काही कामं दुसऱ्याच्या हातात असतात. त्यामुळे लिखाण चालू असतानाच वेळखाऊ कामं मार्गी लावायची. खालचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे.

पेटंटचा प्रश्न आधी

एन्झाइमचा नवा व्हेरिएंट, सुधारित स्ट्रेन, फर्मेंटेशनची प्रक्रिया, निदानाचं किट, यातलं काही व्यापारी उपयोगाचं असेल तर पेटंटचा अर्ज आधी आणि पेपर नंतर. पेपर, प्रीप्रिंट (रिव्ह्यूआधीच ऑनलाइन टाकलेली पेपरची प्रत) किंवा परिषदेतलं पोस्टर जाहीर झालं की युरोपात त्या शोधाचं नावीन्य संपतं. अमेरिकेत शोधकाला स्वतःच्या प्रकाशनानंतर १२ महिन्यांची सवलत मिळते, पण तिच्या भरवशावर राहिलात तर बरेच इतर देश हातचे जातात. जर्नलकडे नुसतं सबमिट केल्याने काही बिघडत नाही, ते गोपनीय असतं. धोका वेगळ्याच ठिकाणी आहे: काही सबमिशन फॉर्ममध्ये ‘प्रीप्रिंट म्हणून जाहीर करायचं का?’ असा एक चौकोन असतो. घाईत त्यावर टिक पडली तर पेपर काही दिवसांत जगासमोर येतो.

जर्नल निवडताना

तुमच्या संदर्भयादीत कोणतं जर्नल सगळ्यात जास्त वेळा आलं आहे ते मोजा. यादीत एकदाही न आलेल्या जर्नलला पेपर पाठवत असाल, तर थांबून विचार करा. मग ‘एम्स अँड स्कोप’ वाचा, आणि त्यात काय घेत नाहीत तो भाग आधी वाचा. नुसतं माध्यमाचं ऑप्टिमायझेशन, नेहमीच्या पद्धतीने केलेलं आयसोलेशन, किंवा कच्च्या अर्काची जिवाणूंवर चाचणी, असे पेपर घेणार नाही म्हणून अनेक जर्नल्स स्पष्ट लिहितात. तरीही तसे पेपर जातात आणि रिव्ह्यूअरपर्यंत, म्हणजे पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञांपर्यंत, न पोचताच परत येतात.

जर्नल खरं आहे का, हे तपासायला फार वेळ लागत नाही. ओपन अ‍ॅक्सेस (सगळ्यांना मोफत वाचता येणारं) असेल तर डीओएजे या अशा जर्नल्सच्या यादीत पाहा. इम्पॅक्ट फॅक्टर सांगितला असेल तर तो क्लॅरिव्हेटच्या जर्नल सायटेशन रिपोर्ट्समध्ये आहे का ते पाहा. त्याच्याशी मिळत्याजुळत्या नावाचे दुसरे आकडे धरू नका. आयएसएसएन क्रमांक आणि वेबसाइटचा पत्ता जुळतो का तेही बघा, कारण नामांकित जर्नलच्या नावाने बनावट साइट्स चालतात. काही दिवसांत स्वीकृतीची हमी देणाऱ्या ईमेलला उत्तरसुद्धा देऊ नका.

पैशांचं आधीच विचारून घ्या. सबस्क्रिप्शन जर्नलमध्ये सहसा शुल्क नसतं, हायब्रिडमध्ये दोन्ही पर्याय असतात, पूर्ण ओपन अ‍ॅक्सेसमध्ये बहुधा प्रकाशन शुल्क लागतं. सवलत हवी असेल तर ती सबमिशनच्या वेळीच मागायची. स्वीकृतीनंतर केलेली मागणी बहुतेक प्रकाशक फेटाळतात.

डेटा आणि साहित्य जमा करणं

डीएनए सीक्वेन्स जेनबँक, ईएनए किंवा डीडीबीजे या सार्वजनिक डेटाबेसांपैकी कुठेही टाका. तिघे एकमेकांशी डेटाची देवाणघेवाण करतात, त्यामुळे एक पुरतं. बाकीच्या डेटासाठी वेगळे डेटाबेस आहेत: सीक्वेन्सिंगचे कच्चे रीड्स एसआरएमध्ये, जीन एक्स्प्रेशन जिओमध्ये, मास स्पेक्ट्रोमेट्री प्राइडमध्ये, प्रथिनांच्या संरचना पीडीबीमध्ये. जेनबँकेचा अ‍ॅक्सेशन क्रमांक (नोंदीचा क्रमांक) सहसा दोन कामाच्या दिवसांत येतो, पण फाइल स्वच्छ असेल तरच. कोडिंग भागाच्या मधोमध स्टॉप कोडॉन निघाला किंवा टोकाला वेक्टरचा तुकडा राहिला की पत्रव्यवहार सुरू होतो आणि आठवडे जातात.

डेटा पेपर येईपर्यंत लपवून ठेवता येतो, पण रिव्ह्यूअरला तो दिसला पाहिजे. जिओ त्यासाठी टोकन देतं, प्राइड वेगळं लॉगिन देतं. ते कव्हर लेटरमध्ये लिहा. ‘मागितल्यास डेटा देऊ’ हे वाक्य सीक्वेन्स डेटाच्या बाबतीत बहुतेक ठिकाणी चालत नाही.

नवी स्ट्रेन असेल तर ती एखाद्या मान्यताप्राप्त कल्चर कलेक्शनमध्ये जमा करून तिथला क्रमांक द्या. प्लाझ्मिड अ‍ॅडजीन या प्लाझ्मिड साठवून वाटणाऱ्या संस्थेकडे देता येतं. दुसऱ्या देशातून जैविक नमुने आणले असतील तर त्या देशाची परवानगी लागते का ते पाहा. नागोया प्रोटोकॉल हा जैविक संसाधनांच्या वापराबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार ऑक्टोबर २०१४ पासून लागू आहे आणि बरीच जर्नल्स आता याबद्दल विचारतात. प्राणी, माणसांचे नमुने आणि रीकॉम्बिनंट डीएनए यांच्या मंजुऱ्यांचा क्रमांक मेथड्समध्ये, समितीच्या नावासह लिहायचा. मंजुरीची तारीख प्रयोगानंतरची असेल तर कोणतंही स्पष्टीकरण उपयोगी पडत नाही.

मेथड्स: इथेच जास्त पेपर अडकतात

रिव्ह्यूअर हा भाग वाचताना एकच गोष्ट पाहतो: एवढ्यावरून मला प्रयोग करता येईल का? ‘१०,००० आरपीएमला सेंट्रिफ्यूज केलं’ या वाक्यावरून करता येत नाही. ८ सेंमी त्रिज्येच्या रोटरमध्ये १०,००० आरपीएम म्हणजे सुमारे ८,९४० जी (गुरुत्वाकर्षणाच्या इतक्या पट) आणि १० सेंमीच्या रोटरमध्ये सुमारे ११,१८०. सूत्र सोपं आहे: १.११८ × १०⁻⁵ गुणिले सेंमीमधली त्रिज्या गुणिले आरपीएमचा वर्ग. नेहमी जीमध्येच लिहा, सोबत वेळ आणि तापमान.

शेकरच्या बाबतीत मात्र आरपीएम लागतोच, पण एकटा नाही. फ्लास्क केवढा, त्यात माध्यम किती, शेकरचा फिरण्याचा व्यास किती, हेही हवं. २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये ५० मिली माध्यम आणि १५० मिली माध्यम यांत पेशींना मिळणारा ऑक्सिजन इतका वेगळा असतो की वाढीचे आकडे जुळणारच नाहीत. ओडी ६०० (६०० नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजलेला कल्चरचा गढूळपणा) दिलात तर त्याचं कोरड्या वजनाशी नातंही द्या, कारण तीच पेशींची बाटली दोन स्पेक्ट्रोफोटोमीटरवर दोन वेगळे आकडे दाखवते.

उत्पादनाचा पेपर असेल तर तीन आकडे एकत्र द्यायचे: दर लिटरला किती ग्रॅम, दर ग्रॅम सब्स्ट्रेटला किती ग्रॅम, आणि दर लिटर दर तासाला किती. यातला एखादा गाळला की तोच वाईट असणार, असा अंदाज अनुभवी रिव्ह्यूअर बांधतो आणि तो बहुधा खरा असतो. एन्झाइमचं युनिट म्हणजे नेमकं काय, कोणत्या तापमानाला आणि पीएचला, हेही लिहा.

क्यूपीसीआरसाठी (डीएनएचं प्रमाण मोजणाऱ्या पीसीआरसाठी) २००९ मध्ये पहिल्यांदा आलेली एमआयक्यूई मार्गदर्शक तत्त्वं पाळा: प्रायमरचे पूर्ण सीक्वेन्स, अ‍ॅम्प्लिफिकेशनची कार्यक्षमता, रेफरन्स जीन तुमच्या परिस्थितीत स्थिर असल्याचा पुरावा, टेम्प्लेट नसलेला कंट्रोल. प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी अराइव्ह २.० ची यादी आहे. सेल लाइन वापरली असेल तर तिची ओळख पटवणारं एसटीआर प्रोफाइल आणि मायकोप्लाझ्मा या जिवाणूच्या संसर्गाची चाचणी, दोन्हींचा उल्लेख हवा.

आकडेवारीत नेहमीची गफलत ‘एन’ची, म्हणजे स्वतंत्र प्रयोगांच्या संख्येची. एकाच फ्लास्कमधून तीन नमुने काढून मोजले तर ते तीन टेक्निकल रेप्लिकेट आणि एन बरोबर १. वेगवेगळ्या दिवशी, वेगळ्या कल्चरपासून तीनदा केलं तर एन बरोबर ३. एरर बार म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन की स्टँडर्ड एरर, हे प्रत्येक आकृतीखाली लिहा. एन तीनच असेल तर स्तंभापेक्षा तिन्ही बिंदू दाखवणं बरं.

नावांचं लिखाण किरकोळ वाटतं, पण तेवढ्यावरून लेखकाची पारख होते. जिवाणूच्या जनुकाचं नाव तिरप्या अक्षरात आणि छोट्या अक्षराने सुरू. त्याच्या प्रथिनाचं सरळ आणि मोठ्या अक्षराने सुरू. मानवी जनुकं पूर्ण कॅपिटलमध्ये. पुरवणीतले तक्ते एक्सेलमध्ये असतील तर कॉलम आधी ‘टेक्स्ट’ करा, नाहीतर मार्च आणि सेप्ट या कुळांतली जनुकं गुपचूप तारखा बनतात. हा त्रास इतका वाढला की मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये त्यांची नावंच बदलल्याचं जाहीर केलं.

आकृत्या

फोटो ३०० डीपीआय, फोटो आणि अक्षरं एकत्र असतील तर ६००, नुसत्या रेषा असतील तर १,००० किंवा जास्त. रुंदी एका कॉलमसाठी साधारण ८५ ते ९० मिमी, दोन कॉलमसाठी १७० ते १८०. प्रेझेंटेशनमधून काढलेल्या ७२ डीपीआयच्या चित्राला सॉफ्टवेअरमध्ये ३०० चा आकडा दिला म्हणून ते स्पष्ट होत नाही; मूळ प्रोग्रॅममधूनच पुन्हा एक्स्पोर्ट करा. छापील आकारात अक्षरं ७ ते ८ पॉइंटची राहतात का ते पाहा. सूक्ष्मदर्शकाच्या चित्रावर स्केल बार हवा, ‘४००एक्स’ लिहून भागत नाही.

जेल आणि ब्लॉटची चित्रं आता बरीच जर्नल्स सॉफ्टवेअरने तपासतात. ब्राइटनेस बदलायचा तर संपूर्ण चित्राचा. वेगळ्या जेलमधल्या लेन शेजारी ठेवल्या असतील तर मध्ये स्पष्ट रेषा आणि खाली तसा उल्लेख. न कापलेले मूळ ब्लॉट पुरवणीत द्या आणि मूळ फाइल्स जपून ठेवा. पेपर आल्यानंतर काही वर्षांनीही त्या मागितल्या जाऊ शकतात.

लेखक, कव्हर लेटर, रिव्ह्यूअर

लेखकांचा क्रम सबमिशनच्या आधी सगळ्यांकडून ईमेलवर पक्का करून घ्या. नंतर नाव घालायचं किंवा काढायचं म्हटलं की सर्वांच्या सह्या लागतात आणि एडिटर साशंक होतो. कोणी काय केलं हे क्रेडिट या लेखकांच्या योगदानाच्या ठरलेल्या यादीतल्या १४ भूमिकांमधून सांगायचं असतं. करस्पॉन्डिंग ऑथरचा (जर्नलशी पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाचा) ऑर्किड क्रमांक, म्हणजे संशोधकाचा ओळख क्रमांक, तयार असू द्या. एआय साधन लेखक होऊ शकत नाही; वापरलं असेल तर जर्नल सांगेल त्या जागी नोंदवा.

कव्हर लेटर एका पानात संपवा. काय सापडलं, आधीपेक्षा वेगळं काय, आणि याच जर्नलच्या वाचकांना ते का हवं, एवढं पुरे. अ‍ॅबस्ट्रॅक्ट जसाच्या तसा चिकटवू नका, एडिटर तो वाचणारच आहे.

रिव्ह्यूअर सुचवायला सांगितलं तर तीन ते पाच नावं, वेगवेगळ्या संस्थांतली, अलीकडे ज्यांच्यासोबत पेपर केला नाही अशी. ईमेल संस्थेचाच द्या. २०१५ मध्ये बायोमेड सेंट्रलने बनावट रिव्ह्यूमुळे ४३ पेपर मागे घेतले, तेव्हापासून फुकटच्या ईमेल पत्त्यांकडे संशयानेच पाहिलं जातं.

अपलोडचा दिवस

टायटल पेज, मुख्य फाइल, आकृत्या, पुरवणी, कव्हर लेटर, हितसंबंधांचं निवेदन. ओळींना सलग क्रमांक द्या. डबल ब्लाइंड जर्नल (जिथे लेखक आणि रिव्ह्यूअर यांना एकमेकांची नावं कळत नाहीत) असेल तर नावं वेगळ्या टायटल पेजवर ठेवा, आभार आणि अनुदान क्रमांकही तिथेच हलवा, आणि वर्डच्या फाइल प्रॉपर्टीजमधलं लेखकाचं नाव पुसा. एल्सेव्हिअरच्या जर्नल्समध्ये हायलाइट्स मागतात: तीन ते पाच ओळी, प्रत्येकी मोकळ्या जागांसह जास्तीत जास्त ८५ अक्षरं.

शेवटी प्रणाली सगळ्याची एक पीडीएफ बनवते. ती पूर्ण उघडून वाचा. इथे हमखास घडणारी गोष्ट म्हणजे ग्रीक म्यू अक्षराचा एम होणं. जुन्या सिम्बॉल फॉन्टमधून ते टाकलेलं असतं, रूपांतरात फॉन्ट सुटतो आणि ५० मायक्रोलिटरचे ५० मिलिलिटर होतात. फाइलमध्ये युनिकोडचंच अक्षर वापरा.

पीडीएफ पाहून झाल्यावर एडिटोरियल मॅनेजर या सबमिशनच्या प्रणालीमध्ये ‘अप्रूव्ह’ दाबावं लागतं. ते राहिलं तर पेपर तुमच्याच खात्यात पडून राहतो, जर्नलला गेलेलाच नसतो. पोच देणारा ईमेल आणि मॅन्युस्क्रिप्ट क्रमांक आला नाही तर आधी हेच तपासा. आणि एक पेपर एका वेळी एकाच जर्नलकडे. निकालापर्यंत किंवा लेखी माघार घेईपर्यंत दुसरीकडे पाठवता येत नाही.

निकाल आल्यावर

दोन-तीन महिने स्टेटस हललं नाही तर एक छोटा, सभ्य ईमेल चालतो. दर आठवड्याला विचारण्यात अर्थ नाही. बहुतेक वेळा उशीर रिव्ह्यूअर मिळत नसल्याचा असतो.

मेजर रिव्हिजन आलं तर ती चांगली बातमी आहे. प्रत्येक मुद्दा जसाच्या तसा उतरवा आणि त्याखाली उत्तर लिहा. ‘सूचनेप्रमाणे बदल केला’ हे उत्तर नव्हे. ‘रिकाम्या वेक्टरचा कंट्रोल जोडला आहे, आकृती ३ब, ओळी २१४ ते २२१, त्यात क्रिया आढळली नाही’ हे उत्तर. प्रयोग करणं शक्य नसेल तर कारण द्या आणि तेवढ्याने निष्कर्ष किती सौम्य केलात ते दाखवा. दोन रिव्ह्यूअर परस्परविरोधी सांगत असतील तर एडिटरला थेट विचारा. मुदत अपुरी वाटली तर ती संपण्याआधी वाढवून मागा. संपल्यावर बऱ्याच ठिकाणी पेपर नवा धरला जातो.

स्वीकृतीनंतर प्रूफ येतं आणि अनेकदा ४८ तासांत परत मागतात. लेखकांची नावं, एककं, तक्त्यांतले कॉलम, अ‍ॅक्सेशन क्रमांक आणि तिरपी अक्षरं एवढं नजरेखालून घाला. टाइपसेटिंगमध्ये याच गोष्टी हलतात. पेपर ऑनलाइन आला की त्याच दिवशी अ‍ॅक्सेशन क्रमांक शोधून पाहा. लपवून ठेवलेली नोंद आपोआप उघडेलच असं नाही. ती बंद दिसली तर पेपरचा डीओआय देऊन डेटाबेसला कळवा किंवा स्वतःच्या खात्यातून प्रकाशनाची तारीख आजची करा.