प्रतिस्पर्ध्याची बाउट कशी बघायची: मॅक्स श्मेलिंगच्या वहीतून

बॉक्सिंगची बाउट, म्हणजे लढत, बघताना ठोसा बघू नका. ठोसा मारून झाल्यावर हात परत कुठल्या वाटेनं येतो, ते बघा. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक पोराला आणि पोरीला मी हे पहिल्या आठवड्यातच सांगतो. पुढचं सगळं याच एका गोष्टीसाठी लिहितोय.

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या बाजूला आमचा सराव चालतो. बहुतेकांचे वडील मागावर कामाला आहेत. घरात तेलुगू, रिंगमध्ये मराठी. या पोरांना मागावरचा धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारी नळी, कसा जातो आणि तितक्याच वेगानं कसा परत येतो हे समजावावं लागत नाही. जॅबचा, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ झटपट ठोशाचा, हात तसाच गेला पाहिजे आणि त्याच रेषेत परत आला पाहिजे. ज्याचा येत नाही, त्याला पकडता येतं. याचं मला माहीत असलेलं सर्वांत स्वच्छ उदाहरण म्हणजे जर्मनीचा मॅक्स श्मेलिंग.

1936 साली श्मेलिंग तिशीत होता. जागतिक हेवीवेट किताब त्यानं 1930 मध्ये मिळवला आणि 1932 मध्ये गमावला. पुढच्या वर्षी मॅक्स बेअरनं त्याला दहाव्या राऊंडमध्ये थांबवलं. आता समोर होता बावीस वर्षांचा, व्यावसायिक रिंगमध्ये तोवर एकदाही न हरलेला जो लुई. श्मेलिंग जिंकेल असं म्हणणारे फार थोडे होते. पण डिसेंबर 1935 मध्ये न्यूयॉर्कला लुईची पाऊलिनो उझकुदुनशी बाउट झाली, तेव्हा श्मेलिंग रिंगजवळ बसून बघत होता. नंतर लुईच्या बाउटच्या फिल्म त्यानं पुन्हा पुन्हा बघितल्या. त्यात त्याला दिसलं की लुई डावा जॅब मारतो, आणि परत येताना तो हात गालाशी न येता खाली पडतो. तेवढ्या क्षणात लुईचा जबडा उघडा असतो. 19 जून 1936 ला यांकी स्टेडियममध्ये त्यानं त्याच फटीतून उजवा घातला. चौथ्या राऊंडमध्ये लुई खाली गेला आणि बाराव्यात नॉकआउट झाला. ती काळी-पांढरी फिल्म आज फोनवर सापडते. एकदा बघाच, आणि नजर लुईच्या डाव्या हातावरच ठेवा.

आता तुमच्या प्रतिस्पर्ध्याची बाउट कशी बघायची ते सांगतो. जिल्हा किंवा राज्य स्पर्धेत कुणी ना कुणी मोबाइलवर शूटिंग केलेलं असतंच, ते मागून घ्या. मे महिन्यात दुपारी आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये थांबवत नाही. सराव पहाटे साडेपाचला उरकतो, त्यामुळे दुपारचा वेळ याच कामाचा. आधी आवाज बंद करा. ओरडणाऱ्या प्रेक्षकांमुळे चांगला लागलेला आणि नुसता वाजलेला ठोसा सारखाच वाटायला लागतो. पहिल्यांदा पूर्ण बाउट नेहमीच्या वेगानं बघा आणि काहीही लिहू नका. मग वेग निम्मा करा आणि एका राऊंडभर फक्त डावा हात बघा. डोकं नाही, पाय नाही, उजवा तर नाहीच. प्रत्येक जॅबनंतर वहीत खूण करा: गालाशी आला, छातीशी आला, कमरेशी आला. त्यानंतरच्या बघण्यात उजवा, मग पुढचा पाय. शेवटच्या बघण्यात एवढंच बघा की मार लागल्यावर पुढच्या दोन सेकंदांत तो काय करतो. मागे सरकतो, मिठी मारतो, की चिडून दोन्ही हात फेकतो? मार लागल्यावर सवयी बाहेर येतात, त्यामुळे हे बघणं कधीच सोडू नका.

कंटाळवाणं काम आहे, मान्य. पण सवय आहे म्हणायला एकदा दिसणं पुरेसं नाही. तीन वेगळ्या राऊंडमध्ये दिसली तरच मी ती मानतो.

आमच्याकडची एक पोरगी अशीच गुडघ्यावर वही ठेवून फोन बघत बसली होती. निम्म्या वेगावर, तोच तुकडा मागे-पुढे करत. मी म्हटलं, "काय सापडलं का?" ती मान वर न करता म्हणाली, "सर, ही डावा मारून झाला की ग्लोव्ह मांडीला पुसतीय की ओ. दर वेळी." मी बसून बघितलं. खरंच, जॅब मारला की ग्लोव्ह चड्डीवर घासून मग वर. मला ते पहिल्या बघण्यात दिसलं नव्हतं. तिला दिसलं, कारण ती फक्त हात बघत होती.

दिसलं म्हणजे मारता आलं असं नाही. त्यासाठी हा सराव करा. हे दोघंही डावा पाय पुढे ठेवून खेळणारे असतील तर लागू आहे. समोरचा डावखुरा असेल तर सगळी मांडणी बदलते. जोडीदारानं हळू जॅब मारायचा आणि मुद्दाम हात कमरेशी परत आणायचा. तुम्ही डोकं किंचित डावीकडे न्यायचं, त्याचा जॅब तुमच्या उजव्या खांद्यावरून जाऊ द्यायचा. हात परतायला लागला की मागची टाच फिरवून, कंबर वळवून उजवा सरळ जबड्याकडे. तुमचा डावा हात या सगळ्यात गालाशीच. हनुवटी खांद्याआड. कोपर बाहेर उघडलं तर ठोसा लांबून दिसतो, म्हणून कोपर शेवटपर्यंत बरगडीजवळून निघालं पाहिजे.

हे जमलं की खरा भाग. आता जोडीदारानं न सांगता कधी हात कमरेशी आणायचा, कधी गालाशी. गालाशी आला तर तुम्ही मारायचं नाही. थांबायचं. माझ्या मते या सरावातलं सगळं मोल या थांबण्यात आहे. पोरं ठरवून मारतात, बघून मारत नाहीत. श्मेलिंगही लुईचे अनेक जॅब सोसत राहिला, त्याचा डोळा सुजत गेला, पण उजवा त्यानं उधळला नाही. अर्थात त्याच्याकडे पंधरा राऊंड होते. आपल्याकडे तीन, म्हणून फट खरंच आहे का हे पहिल्या राऊंडच्या पहिल्या मिनिटातच तपासून घ्या.

आणि वहीचं पान शिळं होतं. दोन वर्षांनी, 22 जून 1938 ला, त्याच मैदानावर लुई पुन्हा समोर आला. आता तो जगज्जेता होता आणि त्याचे प्रशिक्षक जॅक ब्लॅकबर्न यांनी मधल्या काळात त्याच्यावर काम केलं होतं. लुई पहिल्या घंटेपासून तुटून पडला, उजव्यासाठी लागणारी उसंतच त्यानं दिली नाही. 2 मिनिटं 4 सेकंदांत सगळं संपलं. म्हणून प्रतिस्पर्ध्याची सर्वांत ताजी बाउट शोधा, जुनीवर विसंबू नका. आणि तुम्ही ज्याला हरवलंत तो आता तुमचा व्हिडिओ बघतोय हे धरून चाला. स्वतःचं स्पारिंग, म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढत, शूट करून त्याच पद्धतीनं वहीत उतरवा.

पालक विचारतात, हिटलरच्या काळातला माणूस पोरांना कशाला शिकवता? प्रश्न योग्य आहे आणि मी तो टाळत नाही. नाझी राजवटीनं 1936 च्या विजयाचा भरपूर प्रचार केला आणि श्मेलिंग हिटलरला भेटलाही. पण तो पक्षाचा सदस्य झाला नाही. जो जेकब्स या आपल्या ज्यू मॅनेजरला सोडायला त्याला सांगितलं गेलं, त्यानं सोडलं नाही. नोव्हेंबर 1938 मध्ये बर्लिनमध्ये ज्यूंवर हल्ले सुरू झाले तेव्हा त्यानं दोन ज्यू मुलांना आपल्या हॉटेलच्या खोलीत लपवलं, आणि ही गोष्ट पन्नासेक वर्षं जगाला कळू दिली नाही. लुई पुढे त्याचा मित्र झाला. मी पोरांना दोन्ही बाजू सांगतो.

व्हिडिओ मिळालाच नाही तर निकालांचा कागद वाचा, पण नुसतं जिंकला-हरला वाचू नका. श्मेलिंगचे आकडे 70 बाउट, 56 विजय, 10 पराभव, 4 बरोबरी असे आहेत. त्यातला 1930 चा किताबाचा विजय जॅक शार्कीनं कमरेखाली मारल्यामुळे मिळाला होता. 1932 चा पराभव शार्कीकडूनच, पंचांमध्ये मतभेद असलेल्या निकालानं झाला, आणि तो अनेकांना पटला नव्हता. 1934 मध्ये स्टीव्ह हमासकडून तो गुणांवर हरला, पुढच्या वर्षी हॅम्बर्गमध्ये त्यालाच त्यानं नवव्या राऊंडमध्ये थांबवलं. ज्याच्याकडून हरला त्याच्याशी परत खेळताना श्मेलिंग बदलून येतो, हे लुईच्या आधीच त्या कागदावर होतं. तुमच्या गटातल्या पोराचाही असाच कागद करा: कुणाशी, कोणत्या राऊंडमध्ये, गुणांवर की थांबवून, आणि परत भेटल्यावर काय झालं.

शेवटी कॉर्नरमध्ये, म्हणजे रिंगच्या कोपऱ्यात आपल्या खेळाडूला सांभाळायला, बसणाऱ्यांसाठी. राऊंडच्या मध्ये एक मिनिट असतं. त्यातला निम्मा वेळ श्वासाला आणि पाण्याला जातो. वहीतली चार पानं त्या वेळी वाचून दाखवू नका. त्या ग्लोव्ह पुसणाऱ्या मुलीच्या बाउटला मी आमच्या पोरीला दोनच शब्द सांगितले, "मांडी बघ." तिनं मान हलवली, दात वाचवणारं गमशील्ड तोंडात घातलं आणि उठली.